मुंबईला भागायचे तरी कितीने?

बहुतेक वर्षी जुलैच्या एखाद्या दिवशी बातमी येते की मुंबईला पाणी पुरवणारा तुळशी तलाव भरून वाहू लागला. सोबतचे छायाचित्र सुरेख असते. सांडव्यावरून कोसळणारे पांढरे पाणी आणि भोवती राष्ट्रीय उद्यानाचे हिरवेगार रान पाहून वाचणाऱ्याला हायसे वाटते. तुळशीची पूर्ण क्षमता ८,०४६ दशलक्ष लिटर आहे आणि मुंबईला रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी लागते. म्हणजे ओसंडून वाहणारा हा तलाव त्या शहराची तहान दोन दिवस आणि वर दोन-चार तास भागवू शकतो. तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा हे सातही जलाशय काठोकाठ भरले, तर एकूण साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर होतो. त्याला ३,८५० ने भागले की सुमारे ३७६ दिवस येतात. वर्षभराचे पाणी आणि वर दहा-अकरा दिवसांची शिल्लक, तीही बाष्पीभवन व गळती हिशेबात न घेता. पावसाळा सरता सरता, १ ऑक्टोबरच्या सुमारास, तलावांत किती साठा आहे याकडे पालिकेचे डोळे का लागलेले असतात, ते या एका भागाकारातून कळते.

शहराचा कोणताही आकडा असा भागल्याशिवाय बोलत नाही. शाळेत शिकवल्याप्रमाणे भागाकाराला भाज्य लागतो आणि भाजक लागतो. महानगराच्या सांख्यिकीत भाज्य बहुधा हाती असतो. पाणी मापकाने मोजले जाते, कचरा वजनकाट्यावर चढतो, पैसा अर्थसंकल्पात छापून येतो. अडते ते भाजकापाशी. हे पाणी, हा पैसा, या रुग्णालयांतल्या खाटा नेमक्या किती माणसांत वाटायच्या?

या प्रश्नाचे अधिकृत उत्तर १,२४,४२,३७३ असे आहे. ते २०११ च्या जनगणनेचे आहे. २०२१ ची जनगणना महासाथीमुळे पुढे गेली ती पुढेच राहिली, आणि आता नव्या गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे. मधल्या काळात २०११ साली जन्मलेले मूल दहावीच्या उंबरठ्यावर आले, तरी दवाखान्यांची गरज, रेशनचा कोटा, प्रभागांच्या सीमा हे सारे त्याच जुन्या संख्येच्या आधाराने चालले आहे. जानेवारी २०२६ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक जवळजवळ चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर झाली. तिचे २२७ प्रभागही २०११ ची लोकसंख्या धरूनच आखलेले होते. मात्र मतदारयादीत नावे होती १ कोटी ३ लाखांहून अधिक. एकूण माणसे सव्वा कोटीला किंचित कमी आणि त्यांतले एक कोटी तीन लाख प्रौढ, हे गणित कोणत्याही भारतीय शहरात जुळायचे नाही. मुलांसाठी त्यात जागाच उरत नाही. याचा अर्थ लोकसंख्या वाढली आहे, किंवा यादी फुगली आहे, किंवा दोन्ही खरे आहे. यादीच्या प्रारूपातच अकरा लाखांच्या आसपास दुबार नोंदी छाननीत आढळल्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे तिसरी शक्यता अधिक पटते.

शिवाय ‘मुंबई’ म्हणजे कोणती मुंबई, हेही आधी ठरवावे लागते. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे जुने बेट म्हणजे मुंबई शहर जिल्हा. २०११ मध्ये तेथे ३०,८५,४११ लोक होते. त्याला उपनगर जिल्ह्याचे ९३,५६,९६२ लोक जोडले की महापालिकेची बृहन्मुंबई होते. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर अशी लगतची शहरे धरून जनगणना जो सलग नागरी पट्टा मोजते, त्याची संख्या १,८३,९४,९१२ आहे. जगातील महाकाय शहरांच्या यादीत मुंबईपुढे दोन कोटींहून मोठा आकडा छापलेला दिसतो, तो या विस्तृत पट्ट्याचा पुढे ओढलेला अंदाज असतो. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. गोंधळ होतो तो एका मुंबईचा भाज्य घेऊन त्याला दुसऱ्या मुंबईच्या भाजकाने भागल्यावर, आणि वर्तमानपत्री तुलनांत तसे सर्रास घडते.

या तीन वर्तुळांची हालचालही एका दिशेची नाही. २००१ ते २०११ या दशकात मूळ बेटावरची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून अडीच लाखांनी घटली. उपनगरे जेमतेम आठ टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा मात्र ३६ टक्क्यांनी वाढून १ कोटी १० लाखांवर गेला. गिरणगावाच्या चाळींतला, लालबाग-परळचा माणूस डोंबिवलीला, बदलापूरला, विरारला गेला. त्याचे झोपणे तिकडे गेले. कामाची जागा पुष्कळदा इकडेच राहिली. जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या मुक्कामी मोजते. त्यामुळे दिवसभर दक्षिण मुंबईचे रस्ते, पाणी, स्वच्छतागृहे वापरणारा हा माणूस मुंबईच्या भाजकात नसतो.

गोव्यातील वाचकाला या शहराचा आकार अदमासता यावा म्हणून एक तुलना करता येईल. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आणि २०११ ची लोकसंख्या १४,५८,५४५. बृहन्मुंबई सुमारे ६०३ चौरस किलोमीटरची, म्हणजे गोव्याच्या सहाव्या हिश्श्याएवढी. माणसे मात्र साडेआठ पट. गोव्यात चौरस किलोमीटरला ३९४ लोक, मुंबईत वीस हजारांहून अधिक. मुंबईच्या त्या सरासरीत राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, खाड्या, तिवरे, विमानतळ सगळे आले. ते वजा केल्यास उरलेल्या जमिनीवरची दाटी आणखी वाढते.

महापालिकेचा कारभार वर्षानुवर्षे ए पासून टी पर्यंतच्या २४ विभागांतून चालत आला आहे. त्यांतल्या सर्वांत लहान बी विभागात, म्हणजे डोंगरी, मशीद बंदर परिसरात, २०११ मध्ये सव्वा लाखाच्या थोडे वर लोक होते. मालाडच्या पी उत्तर विभागात नऊ लाख चाळीस हजारांहून अधिक. विभाग कार्यालय दोन्हीकडे एक आणि त्यावर सहायक आयुक्तही एकच. मालाडच्या नागरिकाची तक्रार सात पट लांब रांगेत उभी होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. अखेर पी उत्तरचे विभाजन झाले, पण त्याला २०११ नंतरही दशकभर थांबावे लागले.

आता पुन्हा पाण्याकडे. ३,८५० दशलक्ष लिटर पाणी २०११ च्या लोकसंख्येत वाटले तर माणशी रोज ३०९ लिटर येते. मोठ्या शहरांसाठी माणशी १३५ ते १५० लिटर पुरे मानले जाते. म्हणजे कागदावर मुंबई पाण्याने समृद्ध आहे. मग टँकर कोणासाठी धावतात? उत्तराचा पहिला भाग गळती व चोरीत आहे. जुन्या, गंजलेल्या, कित्येक ठिकाणी ब्रिटिशकालीन वाहिन्यांतून जाताना जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी हिशेबाबाहेर जाते. ते वजा केले की माणशी २०६ लिटर उरतात. लोकसंख्या आज दीड कोटी आहे असे क्षणभर धरले, तर १७१. तरीही आकडा निकषाच्या वरच राहतो. मग उत्तराचा दुसरा भाग पाहावा लागतो, आणि तो वाटणीचा आहे. पालिकेच्या पाणीवाटपाच्या निकषांत इमारतीत राहणाऱ्यासाठी माणशी १३५ लिटर धरले गेले, झोपडपट्टीत राहणाऱ्यासाठी ४५. तीन बादल्यांचे हे अंतर गळतीने पडलेले नाही. ते कागदावरच आखलेले आहे.

त्या ४५ लिटरांसाठीही घराचा पुरावा लागे. ठरावीक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना नळजोडणी मिळत नसे. पाणी हक्क समितीने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की पाणी हा जगण्याच्या अधिकाराचा भाग असून झोपडी बेकायदा असली तरी तीत राहणाऱ्याला पाणी नाकारता येणार नाही. ‘सर्वांसाठी पाणी’ हे पालिकेचे धोरण त्यानंतर मे २०२२ मध्ये आले. मधली साडेसात वर्षे त्या वस्त्यांनी पाणी प्यायले नाही असे थोडेच आहे? ते विकत घेतले, शेजारच्या वस्तीतून नळीने ओढले, डोक्यावरून वाहिले. अशा पाण्याचा लिटरमागचा दर इमारतीतल्या नळाच्या दरापेक्षा कितीतरी अधिक पडतो. भाजकातून वगळलेला माणूस तहान भागवायला बाजारात जातो.

या हिशेबाचे दुसरे टोक तलावांच्या काठी आहे. एकट्या भातसा धरणात ७,१७,०३७ दशलक्ष लिटर पाणी मावते. मुंबईच्या साठ्याचा हा जवळजवळ अर्धा वाटा. भातसा आणि तानसा दोन्ही ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. त्याच शहापूरच्या आदिवासी पाड्यांत दर उन्हाळ्यात टँकरने पाणी पोचवावे लागते. शंभर किलोमीटरवरून पाणी बहुतांशी उताराच्याच जोरावर शहरापर्यंत आणणारी ही यंत्रणा अभियांत्रिकीचा उत्तम नमुना आहे, याबद्दल वाद नाही. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात आले तेव्हापासून प्रत्येक पिढीने तीत भर घातली आहे. वाटेवरची गावे मात्र तिच्या भाजकात पुरती कधी आलीच नाहीत.

झोपडपट्ट्यांचा आकडा हा मुंबईविषयी सर्वाधिक उच्चारला जाणारा आणि सर्वांत कमी तपासला जाणारा आकडा असावा. २००१ च्या गणनेत सुमारे ५४ टक्के मुंबईकर झोपडपट्टीत होते. २०११ मध्ये सुमारे ४२ टक्के, म्हणजे ५२ लाख. दहा वर्षांत बारा लाखांहून अधिक लोक पक्क्या घरांत गेले असे यावरून वाटावे. काही गेलेही, पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या, काही कुटुंबे शहराबाहेर फेकली गेली. पण जनगणनेच्या व्याख्येने झोपडपट्टी ठरायला किमान तीनशे माणसांची, साठ-सत्तर घरांची सलग वस्ती लागते. नाल्याच्या कडेला, रेल्वेच्या भिंतीलगत, पुलाखाली असलेल्या वीस-तीस घरांच्या ओळी या व्याख्येत बसत नाहीत. धारावीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. अडीच चौरस किलोमीटरही न भरणाऱ्या या वस्तीची लोकसंख्या सहा लाखांपासून दहा लाखांपर्यंत काहीही सांगितली जाते. तेथे पुनर्विकासाचे सर्वेक्षण २०२४ मध्ये सुरू झाले तेव्हा रहिवाशांच्या मनातली धाकधूक या फरकाचीच होती. १ जानेवारी २००० पूर्वीचा रहिवासी असल्याचे सिद्ध करणाऱ्याला धारावीतच घर. नंतर आलेल्याला धारावीबाहेर आणि वेगळ्या अटींवर. सांख्यिकीच्या भाषेत ही केवळ वर्गवारी असते. पोटमाळ्यावर राहणाऱ्या कुटुंबाला आपण कोणत्या रकान्यात पडतो यावर पुढचे आयुष्य ठरते.

मोजणीवर काळाची छाया पडते, हे मुंबईइतके दुसऱ्या कोणत्या शहराने क्वचितच अनुभवले असेल. १८६४ च्या गणनेत येथे ८,१६,५६२ लोक भरले. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या; १८७२ मध्ये संख्या ६,४४,४०५ वर आली. पुढे गिरण्या वाढल्या आणि १८९१ मध्ये ती ८,२१,७६४ झाली. मग १८९६ मध्ये प्लेग आला. १९०१ च्या गणनेत ७,७६,००६ लोक मिळाले. त्यांत प्लेगने मेलेले वजा होते, तसे भीतीने गावी पळालेलेही वजा होते. पालिकेने १९०६ मध्ये स्वतःची गणना केली तेव्हा संख्या ९,७७,८२२ निघाली. पाच वर्षांत दोन लाख माणसे जन्मली नव्हती. बरीचशी परतली होती. २०२१ ची गणना ठरल्या वेळी झाली असती, तर २०२० च्या टाळेबंदीत चालत गावी गेलेल्यांपैकी कितीजण परतल्याचे दिसले असते, हा विचार या पार्श्वभूमीवर मनात आल्यावाचून राहत नाही.

त्या जुन्या गणनांत आणखी एक आकडा डोळ्यांत भरतो. १९२१ मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे ५२५ स्त्रिया होत्या. गिरणीत काम करायला पुरुष येत. बायको, मुले, म्हातारी माणसे रत्नागिरी-साताऱ्याला शेतावर राहत. खोलीत दहा-पंधरा जण, जेवण खाणावळीत, आणि महिन्याला मनीऑर्डर. गोमंतकीयांनी याच गरजेतून धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत आपापल्या गावांच्या नावाने कूड उभारले. बोटीवर नोकरी धरणाऱ्या, आचारी किंवा वादक म्हणून काम शोधणाऱ्या गोवेकराला तेथे पेटी ठेवायला जागा आणि संध्याकाळी गावची माणसे मिळत. २०११ मध्ये हे प्रमाण ८५३ पर्यंत आले. म्हणजे शहर कुटुंबांचे झाले, पण पुरते नाही. एकट्याने येऊन राहणाऱ्या पुरुषांचा लोंढा आजही चालू आहे, त्यांची गावे बदलली आहेत इतकेच.

भाषांच्या तक्त्यात हा बदल दिसतो. २०११ मध्ये मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४४ लाख होते, हिंदी सांगणारे जवळजवळ ३६ लाख, उर्दू व गुजराती प्रत्येकी चौदा लाखांच्या वर. दहा वर्षांपूर्वी मराठी ४५ लाखांच्या वर आणि हिंदी २६ लाखांच्या आत होती. यावरून राजकीय निष्कर्ष काढण्याची घाई होते, पण रकान्यांची रचना आधी पाहिली पाहिजे. जनगणनेत भोजपुरी, राजस्थानी, मारवाडी अशा कित्येक भाषा हिंदीच्या शीर्षकाखाली मोजल्या जातात. गोव्याच्या वाचकाला गंमत वाटेल ती मालवणीची: जनगणनेच्या वर्गीकरणात ती कोकणीखाली येते. लालबागचा मालवणी माणूस मात्र प्रगणकाला बहुधा ‘मराठी’ असेच सांगतो, आणि त्याची नोंद तिकडे होते. घरात बोलली जाणारी, शाळेत शिकलेली आणि अभिमानाने सांगितली जाणारी भाषा एकच असते असे नाही.

धर्मनिहाय चित्र असे: हिंदू सुमारे ६६ टक्के, मुस्लिम २०.६५, बौद्ध ४.८५, जैन ४.१०, ख्रिस्ती ३.२७. देशातील पारशी समाजाची संख्या २०११ मध्ये ५७,२६४ होती आणि त्यांतले बहुसंख्य याच शहरात राहतात. टक्क्यात न मावणाऱ्या त्या समाजाने उभारलेली रुग्णालये, शाळा आणि पाणपोया वापरणाऱ्यांची गणना कशात करणार?

महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालतात. एका नगरसंस्थेने आठ भाषांत पाठ्यपुस्तके वाटावीत आणि शिक्षक नेमावेत, ही गोष्ट साधी नाही. तिची वाखाणणी व्हावी तितकी होत नाही. मराठी माध्यमाच्या शाळा मात्र पटाअभावी एकामागून एक बंद पडत आल्या आहेत आणि इंग्रजीची मागणी वाढते आहे. येथे भाजकाचा वाद नाही. हजेरीपट खोटे बोलत नाही.

रुग्णालयांत पुन्हा तोच पेच उभा राहतो. परळचे केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. त्याच्याशी जोडलेल्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांनी अध्यापक भारतीयच असावेत अशी अट घातली होती. त्या काळात ती धाडसाची होती. आज त्या एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात वर्षाला अठरा लाखांच्या आसपास रुग्ण येतात आणि ८५ हजारांच्या आसपास दाखल होतात. शीव, नायर, कूपर यांची गर्दी वेगळीच. नगरपालिकेने वैद्यकीय महाविद्यालये चालवावीत असे देशात फार थोड्या ठिकाणी घडते. पण या रुग्णांतले किती मुंबईचे? ठाणे, पालघर, रायगड, कोकण, मराठवाडा, थेट उत्तर प्रदेश-बिहारपासून माणसे येतात आणि नातेवाईक पदपथावर मुक्काम करतात. खाटांना मुंबईच्या लोकसंख्येने भागून काढलेले प्रमाण त्यामुळे मुंबईकराला मिळणाऱ्या सेवेविषयी फारसे काही सांगत नाही.

गोव्याला हे परके नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवार येथून रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या येत आले. परराज्यातील रुग्णांना २०१८ मध्ये शुल्क लावले गेले तेव्हा सीमेपलीकडे दोडामार्गात आंदोलन झाले. गोव्याचे म्हणणे होते की भाजकात नसलेल्यांचा खर्च आम्ही किती सोसावा; सिंधुदुर्गाचे म्हणणे होते की जवळचे मोठे रुग्णालय तेवढेच आहे. दोघांचेही खरे होते. २०२४ मध्ये गोव्यात एक कोटी चार लाखांच्या आसपास पर्यटक आले, म्हणजे राज्याच्या नोंदलेल्या लोकसंख्येच्या सात पट. कळंगुटचा कचरा आणि पर्वरीची वाहतूक पंधरा लाखांच्या भाजकाने मोजली, तर गोवेकर फार कचरा करतो असेच उत्तर येईल.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेत भाज्यच जरा सैल आहे. रोज ७५ लाख प्रवासी हा महासाथीपूर्वीचा प्रसिद्ध आकडा माणसांचा नसून फेऱ्यांचा आहे. सकाळी गेलेला आणि संध्याकाळी परतलेला एकच माणूस दोनदा मोजला जातो, आणि पासधारक गाडीत किती वेळा बसला हे कोणी पाहत नाही. ठरावीक फेऱ्या धरल्या जातात. तीन हजारांहून अधिक लोकल फेऱ्या मात्र खऱ्या आहेत. आणि खरा आहे तो २०२३ मधील २,५९० मृत्यूंचा आकडा: रूळ ओलांडताना, दारातून पडून, खांबाला आपटून, दिवसाला सरासरी सात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रेल्वेला जाब विचारला तो या आकड्यावरून. बेस्टच्या बसगाड्यांची कथा वेगळी. २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपये केले, मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झाले, आणि मधल्या काळात ताफा आक्रसत गेला. बेस्टची वीज बेटापुरती आहे, उपनगरांत बहुतांशी खासगी कंपन्या. त्यामुळे ‘मुंबईचा वीजदर’ असा एक आकडा सांगताच येत नाही.

कचरा दररोज साडेसहा हजार टनांच्या आसपास. वजनकाट्यावर चढलेला हा आकडा बराच विश्वासार्ह आहे आणि तो २०११ च्या लोकसंख्येने भागला तर माणशी अर्धा किलोच्या थोडा वर येतो. १९२७ पासून चालू असलेल्या देवनारच्या कचराभूमीलगतचा एम पूर्व विभाग २००९ च्या महापालिकेच्या मानव विकास अहवालात चोवीस विभागांत तळाला होता. शहरभरचा कचरा एका विभागात आणि त्याची सरासरी सर्वांच्या नावावर.

अखेर पैसा. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. गोवा राज्याचा त्याच वर्षीचा २८,१६२ कोटींचा. ‘कित्येक राज्यांपेक्षा श्रीमंत महापालिका’ हे वाक्य या तुलनेवरच उभे आहे. भागून पाहिले की चित्र उलटते. मुंबईत माणशी साठ हजार रुपयांच्या जवळपास, गोव्यात १ लाख ९३ हजार. राज्याला पोलीस, न्यायालये, महाविद्यालये, निवृत्तिवेतन आणि कर्जाचे व्याज असा भार असतो, तेव्हा ही तुलनाही सरळ नाही. तरी मुंबईच्या त्या ७४ हजार कोटींत निम्म्याहून अधिक रक्कम भांडवली कामांसाठी, म्हणजे किनारी रस्ता, बोगदे, मलप्रक्रिया केंद्रे अशा प्रकल्पांसाठी राखलेली होती. आरोग्यासाठी सात हजार तीनशे कोटींच्या वर, सुमारे दहा टक्के. जकात १ जुलै २०१७ पासून गेली आणि पालिकेचा हक्काचा मोठा उत्पन्नस्रोत राज्याकडून येणाऱ्या भरपाईत बदलला. खर्च वाढतो आहे, ठेवी घटत आहेत, आणि करदात्यांची संख्या काय हे मालमत्तेच्या नोंदींवरून कळते, माणसांच्या नाही.

सर्वांत कठीण मोजणी बेघरांची असते. जनगणनेत त्यांच्यासाठी एकच रात्र राखलेली असते. २०११ मध्ये २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणक स्थानके, पुलांखालच्या जागा, मंदिरांच्या पायऱ्या, बाजारांच्या वळचणी धुंडाळत फिरले. बृहन्मुंबईत त्यांना सत्तावन्न हजारांच्या आसपास माणसे मिळाली. मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक कायम निवारा असावा असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावले होते. २०११ च्या संख्येने त्याचे उत्तर १२४ येते. २०२७ मध्ये प्रगणकांच्या हाती वह्यांऐवजी मोबाइल असतील. रात्र मात्र बेघरांसाठी पुन्हा एकच असेल, आणि त्या रात्री जो माणूस पोलिसाने उठवल्यामुळे एका पुलाखालून दुसऱ्या पुलाखाली चाललेला असेल, त्याला कोणत्या विभागात धरायचे हे त्या प्रगणकालाच तिथल्या तिथे ठरवावे लागेल.